भेंडीचा ठसा आणि सैनिकाचा हिशेब

7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन रंगांचा छोटा ध्वज छातीवर लावायचा, डब्यात यथाशक्ती पैसे टाकायचे आणि त्या निधीतून माजी सैनिक, अपंग जवान व सैनिकांच्या विधवा यांना साहाय्य करायचे, असा या दिवसाचा मूळ हेतू. अलीकडे त्याला, आणि राखीपौर्णिमेला व दिवाळीलाही, शुभेच्छापत्रांची जोड मिळाली आहे. शाळांतील मुले ठसे उमटवून कार्डे तयार करतात आणि ती सीमेवरील जवानांसाठी पाठविली जातात. या उपक्रमाकडे आपल्या कार्यकर्त्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

गेल्या वर्षी गंगाखेड तालुक्यातील एका शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी जाऊन बसलो होतो. बाजारातून काही विकत आणलेले नव्हते. जुन्या वह्यांचे पुठ्ठे होते, कुंकवाचा लाल रंग होता आणि कपड्यांना घालण्याची नीळ होती. तीच नीळ अधिक पाण्यात कालवली की आकाशी रंग होई. ध्वजाचे तिन्ही रंग असे घरातूनच निघाले. भेंडी आडवी कापून तिचा काप रंगात बुडविला की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारे 'परभणी क्रांती' हे वाण आपल्याच जिल्ह्यातील कृषी विद्यापीठाने देशाला दिले. तेव्हा परभणीच्या मुलाने जवानाला भेंडीच्या ठशाचे फूल पाठवावे, यात एक औचित्य आहे. एका मुलीने खोडरबरावर 'जय' ही अक्षरे सुलट कोरली आणि कागदावर ती उलटी उमटली. वर्ग हसला. तिने मुकाट्याने दुसरे खोडरबर घेतले आणि अक्षरे उलटी कोरली. हाताने काम करताना मिळणारे हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही.

येथपर्यंत सारे मनासारखे होते. पुढे फळ्यावर एक मजकूर लिहिला गेला आणि सर्वांनी तो उतरवून घेतला. एका मुलाने विचारले, "तुमच्याकडे पाऊस झाला का, असं लिहू का?" त्याला सांगण्यात आले की फळ्यावर आहे तेवढेच लिही. वस्तुतः त्या साऱ्या गठ्ठ्यात खरे पत्र म्हणावे असे तेवढे एकच वाक्य होते. कार्डांवर कुणाचे नाव नव्हते. छायाचित्र निघाले, गठ्ठा बांधला गेला. शाळेपासून दोन गल्ल्यांवर एका दिवंगत जवानाची पत्नी राहते, हे मात्र वर्गातील एकाही मुलाला ठाऊक नव्हते.

आपल्यातील काही मित्र म्हणतील की, असल्या उपक्रमांतून मुलांच्या मनावर सैन्यवाद बिंबविला जातो, म्हणून त्यांपासून दूर राहावे. बंदुकीचे चित्र आणि शत्रूविषयीचा द्वेष एवढाच कार्डाचा आशय असेल, तर आक्षेप रास्त आहे. परंतु सैनिकापासून दूर राहणे हे त्यावरचे उत्तर नव्हे. जवान हा कोरडवाहू शेतकऱ्याचा, शेतमजुराचा मुलगा असतो. घरच्या जमिनीवर भागत नाही म्हणून तो भरतीच्या मैदानावर धावतो. 17 सप्टेंबर 1948 रोजी आपल्या मराठवाड्यातील निजामी राजवट संपली, ती जनतेच्या दीर्घ लढ्याने आणि भारतीय सेनेच्या कारवाईने. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली, तेव्हा त्यांनी जोडलेली ही दोन माणसे पुष्कळदा एकाच घरात राहतात.

आणि म्हणूनच कार्डाच्या पलीकडचा हिशेब विचारणे आपले काम आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात भरती चार वर्षांची असते. त्यानंतर तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के जवानांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवानिधी मिळतो, पण निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या शेजारच्या विदर्भातील, बुलढाणा जिल्ह्यातील एका तरुण अग्निवीराला सियाचीनमध्ये मृत्यू आला. अशा प्रसंगी कुटुंबाला 48 लाखांचा विमा आणि 44 लाखांचे सानुग्रह अनुदान मिळते. ही रक्कम लहान नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु नियमित सैनिकाच्या पत्नीला वा आईवडिलांना दरमहा जे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते या घराला मिळत नाही. बर्फ दोघांसाठी सारखाच थंड असतो, मग मृत्यूनंतरचा हिशेब वेगळा का?

दुसरी बाब जुन्या सैनिकांची. निवृत्तिवेतनास पात्र न ठरलेले 65 वर्षांवरील माजी सैनिक व त्यांच्या विधवा यांना ध्वजदिन निधीतून साहाय्य दिले जाते. ते दरमहा 4 हजार रुपये होते, 2025 मध्ये 8 हजार करण्यात आले. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु हक्काची माहितीच ज्या म्हातारीपर्यंत पोहोचत नाही, तिला त्या वाढीचा काय उपयोग? अर्ज कोठे करावा, कोणते कागद जोडावेत, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगितले जाते. पण पालम वा सोनपेठच्या खेड्यातून तेथवर पोहोचण्यासाठी तिला हाताला धरून नेणारे कुणी हवे असते.

म्हणून सूचना अशी की, हा उपक्रम टाळू नये, तो आपल्या हाती घ्यावा. ठसे मुलांनीच कोरावेत आणि मजकूरही त्यांचा त्यांनी लिहावा. पाऊसपाणी, कापूस, शाळा, गावची जत्रा, जे मनात येईल ते. चित्रात बंदूकच असली पाहिजे असे नाही. कार्ड निनावी गठ्ठ्यात न टाकता आधी आपल्या गावातील जवानाच्या घरी न्यावे. घरचे लोक आपल्या पत्रासोबत ते लष्करी टपालाने धाडतील. ज्यांचे घर जवळ नाही, त्यांच्यासाठी सैनिक कल्याण कार्यालय आहेच. आणि जितकी कार्डे सीमेवर जातील, तितकीच गावातील माजी सैनिकांच्या व विधवांच्या दारी जावीत. मुलांबरोबर एक कार्यकर्ता असावा. मुलाने कार्ड द्यावे आणि कार्यकर्त्याने विचारावे, पैसे येतात का, कागद पुरे आहेत का, काही अडले आहे का. उत्तरे वहीत टिपून घ्यावीत. अग्निवीरांना समान निवृत्तिवेतन मिळावे, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्यावी.

या कामाला वर्गणी लागत नाही. शेरभर भेंडी, चिमूटभर नीळ आणि चार संध्याकाळी पुरतात. येत्या 7 डिसेंबरपूर्वी प्रत्येक तालुका शाखेने निदान एका गावाची अशी वही पुरी करावी. त्या वहीत अडलेल्या अर्जांची जी नावे निघतील, ती घेऊन आपण एकत्रितपणे जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ.