प्राथमिक वाचन, बोली आणि मराठी विभागांची जबाबदारी : जुना जालन्याच्या निमित्ताने

कुंडलिका नदीने जालना शहराचे जुना आणि नवा असे दोन भाग केले आहेत. यांपैकी जुना जालना ही मिश्र भाषिक वस्ती होय. मराठवाडी मराठी आणि दखनी येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या. दखनीतील 'नक्को' आणि जोर देणारा 'च' ही त्या शेजाराचीच खूण. अशा वस्तीतील मजुराचे लेकरू पहिलीत येते, ते 'मपलं', 'तुपलं', 'काहून', 'येरवाळी' हे शब्द घेऊन. क्रमिक पुस्तकात त्याला 'माझे', 'तुझे', 'का', 'लवकर' भेटतात. दोन्हीही मराठीच असल्यामुळे येथे काही अडचण असेल, असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. लमाणी बोलणाऱ्या मुलाची अडचण निदान मान्य तरी होते. (उर्दू माध्यमाच्या शाळेत गेलेल्या दखनीभाषक मुलाची गतही फारशी वेगळी नाही.)

मराठवाड्यात मराठी ही शाळेची भाषा सहजासहजी झालेली नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि हैदराबाद संस्थानात वरच्या इयत्तांवर त्याच भाषेचे वर्चस्व होते. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ मध्ये उभी राहिली, ती या पार्श्वभूमीवर. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. पुढे १९६७ मध्ये 'बालभारती'ची स्थापना झाली आणि सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत एकच स्वस्त पुस्तक मुलांच्या हाती पडू लागले. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र एकाच पुस्तकाने सर्वांना समान संधी मिळते, हे गृहीतक तपासून पाहावयास हवे. ज्याच्या घरची बोली पुस्तकाच्या भाषेजवळची, तो काही पावले पुढूनच निघतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले, गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय प्रत्येक शाळेत असावे असेही म्हटले. पुस्तके येतातही. परंतु ती शाळेच्या नोंदवहीत चढतात आणि फाटले-हरवले तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग कपाटाला कुलूप लागते. यात शिक्षकाच्या अनास्थेपेक्षा हिशेबाच्या पद्धतीचा दोष अधिक आहे. पहिली-दुसरीच्या वर्गातले पुस्तक वर्षभरात फाटले नाही, तर ते वाचलेच गेले नाही असे समजावे! फाटलेली पुस्तके विनाचौकशी खर्ची टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला मिळाला, तरी बरीच कपाटे उघडतील. याच कायद्याने जनगणना, आपत्ती व निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला सांगता येतील असे ठरविले. अहवाल आणि माहिती भरण्याचे ओझे मात्र त्या यादीत न येताही त्याच्या डोक्यावर आहेच.

येथपर्यंतचा दोष शासनाकडे जातो. पुढचा भाग विद्यापीठीय मराठी विभागांचा आहे. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'तील बोलीचे सामर्थ्य विशद करणाऱ्या एम. ए.च्या विद्यार्थ्याला चांगले गुण मिळतात. तोच विद्यार्थी शिक्षक झाला, की तिसरीच्या वहीतील 'मपलं'वर लाल रेघ ओढतो. त्याला दोष कसा द्यावा? बोली ही कादंबरीची शैली असते, एवढेच त्याला शिकविले गेले. बोली ही वाचनाची पहिली पायरी होऊ शकते, हे कोणी सांगितलेच नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम पुढे कोसबाडला गेले. तेथे आदिवासी मुलांच्या परिसरातील वस्तूच शिक्षणसाहित्य झाल्या. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांच्या तोंडचे शब्द कार्डांवर लिहून त्यांतूनच वाचन शिकविले व तो अनुभव १९६३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. या दोन्ही प्रयोगांत शिक्षक केवळ वाटप करणारा नव्हता. साहित्य त्याच्याच वर्गात घडत होते.

यावर एक आक्षेप संभवतो : बोलीत रमवून गरिबांच्या मुलांना प्रमाणभाषेपासून वंचित ठेवावयाचे काय? आक्षेप रास्त आहे. स्पर्धा परीक्षा आणि नोकरी 'मपलं'ला ओळखत नाहीत. म्हणूनच बोलीतील साहित्य पहिल्या दोन इयत्तांपुरते, प्रमाण रूप शेजारी छापलेले असावे. 'मपलं' खोडावयाचे नाही. त्याच्या बाजूला 'माझे' लिहावयाचे.

असे साहित्य पुण्या-मुंबईत तयार होऊन जालन्यास येणे अवघड आहे. ते मराठवाड्यातील मराठी विभागच करू शकतात. लघुप्रबंधासाठी जुना जालन्यात शब्दसंकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने दोन-तीन शिक्षकांसोबत वर्ष घालवावे, मुलांनी सांगितलेल्या गोष्टी उतरवून घ्याव्यात, त्या वर्गात वाचून पाहाव्यात, आणि प्रबंधाबरोबर मोठ्या अक्षरांतील सोळा पानांची पुस्तिका सादर करावी. तीवर शिक्षकांची नावे सहलेखक म्हणून असावीत. मानधन विभागाने द्यावे. खर्च एखाद्या चर्चासत्राच्या भोजनखर्चाहून अधिक होणार नाही. मात्र त्या सोळा पानांना संशोधन मानून गुण द्यावयाचे की ती परिशिष्टात ढकलावयाची, याचा निर्णय अभ्यासमंडळांना आधी करावा लागेल.