हलाल : एका शिक्क्याचे वाचन

'हलाल' हा शब्द मराठीने फार पूर्वी आपलासा केला, पण अर्ध्यामुर्ध्या अर्थाने. 'हरामखोर' ही शिवी आपण विनासायास देतो. तिच्या अगदी उलट असलेला 'हलालखोर', म्हणजे कष्टाचे खाणारा, हा शब्द मात्र १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात मैला उचलणाऱ्यासाठी योजला गेला आणि तिथेच अडकून पडला. 'बकरे हलाल करणे' या प्रयोगाचा पत्ता मुलाण्याच्या घरापाशी सापडतो. जुन्या गावगाड्यात जत्रेचे बकरे कापायला मुलाणी बोलावला जाई. तो अल्लाहचे नाव घेऊन सुरी फिरवी, आपल्या हक्काचा वाटा घेऊन जाई, आणि ते मटण हिंदू घरांतही निःशंकपणे शिजे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. बलुतेदारीचा जाच ज्यांना ठाऊक आहे ते तसे करणार नाहीत. मुद्दा इतकाच की तिथे हलालची खूण म्हणजे एक ओळखीचा माणूस होता.

आता त्या माणसाच्या जागी पाकिटावरचा वाटोळा शिक्का आला आहे. आमची या शिक्क्याविषयी एकच तक्रार आहे : तो निष्कर्ष सांगतो, युक्तिवाद सांगत नाही. उत्तरपत्रिकेत 'ही श्रेष्ठ कलाकृती आहे' एवढेच लिहून थांबणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. दुकानात मात्र तसलेच उत्तर पैसे मोजून घरी आणतो.

मूळ संहितेकडे पाहिले तर मतभेद कुठून सुरू होतात ते कळते. कुराणाच्या पाचव्या सुऱ्यात मेलेला प्राणी, रक्त आणि डुकराचे मांस निषिद्ध ठरवले आहे. सहाव्या सुऱ्यात, ज्यावर अल्लाहचे नाव घेतलेले नाही ते खाऊ नये, अशी आज्ञा आहे. आज्ञा स्पष्ट दिसते. पण नाव घ्यायचे राहिले तर? हनफी परंपरा म्हणते, विसरल्यास क्षम्य, मुद्दाम टाळल्यास मांस निषिद्ध. शाफई परंपरेत नाव घेणे इष्ट आहे, अनिवार्य नाही. हा भेद समजायला अरबस्तानात जावे लागत नाही. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. कोकणातल्या घरी कुर्ल्यांचे कालवण आनंदाने होते. हनफी नियमाने खेकडा वर्ज्य. एकाच राज्यात, एकाच धर्मात, एकाच ग्रंथाच्या आधारे. आणि त्याच पाचव्या सुऱ्यात ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती यांचे, अन्न वैध म्हटले आहे. त्या आधारावर पाश्चात्त्य देशांतले साधे दुकानी मांसही चालते असे काही मानतात, तर नाव घेतले गेले नसेल तर ती सवलत लागू होत नाही असे इतर म्हणतात. टीकाग्रंथांची ही परंपरा शतकानुशतकांची आहे. शिक्क्याच्या दीड इंचात ती मावत नाही हे आम्हांस मान्य आहे. पण शिक्का ती अस्तित्वातच नसल्यासारखा वागतो.

कत्तलखान्याचा कारखाना झाला तेव्हा या जुन्या वादांत नवे प्रश्न मिसळले. ब्रिटनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तिथे प्राण्याला कापण्यापूर्वी बेशुद्ध करणे कायद्याने आवश्यक आहे. धार्मिक कत्तलीला सूट आहे. ही सूट घ्यावी की नाही, यावर मुसलमानांतच दोन मते आहेत आणि त्या दोन मतांच्या दोन संस्था. १९९४ साली स्थापन झालेली हलाल फूड ऑथॉरिटी म्हणते, विजेच्या सौम्य धक्क्याने बेशुद्ध केलेला प्राणी कापला नाही तर पुन्हा शुद्धीवर येतो. म्हणजे सुरी फिरताना तो जिवंत असतो. म्हणून मांस हलाल. २००३ साली सुरू झालेल्या, लेस्टरस्थित हलाल मॉनिटरिंग कमिटीला हे मान्य नाही. धक्क्यानेच प्राणी दगावण्याची शक्यता उरते, विशेषतः विजेच्या पाण्यातून नेल्या जाणाऱ्या कोंबड्यांची. आणि मेलेला प्राणी तर संहितेनेच निषिद्ध ठरवला आहे. दोन्ही बाजू एकाच आज्ञेवर बोट ठेवतात. दोघांच्या पाकिटांवर शब्द एकच. (मराठी वाचकाची इथे आणखी एक पंचाईत होते. विजेचा 'झटका' दिलेले हलाल, हे आपल्या कानाला वदतोव्याघात वाटते, कारण आपल्याकडे 'झटका' म्हणजे एका घावात मान उडवणे.)

कोंबडीच्या बाबतीत यंत्राची सुरी हा आणखी वेगळा गुंता. पट्ट्यावरून ओळीने पक्षी येतात आणि फिरते पाते त्यांच्या मानेवरून जाते. नाव कोणी घ्यायचे, किती वेळा घ्यायचे? यंत्र सुरू करताना एकदा म्हटलेली बिस्मिल्ला हजारो पक्ष्यांना पुरते का? शेजारी उभा राहून कोणी ती म्हणत राहिला तर कापणारा कोण, तो की यंत्र? कर्ता कोण हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणा वाटतो. इथे त्यावर जेवण ठरते.

मानके देशोदेशी बदलतात. मलेशियाचे एमएस १५०० हे मानक बेशुद्ध करण्याची शिफारस करत नाही, पण अटींसह त्याला मुभा देते. न्यूझीलंडमध्ये व्यापारी कत्तलीपूर्वी बेशुद्ध करणे सक्तीचेच आहे, तरी तिथले मेंढीचे मांस हलाल म्हणून जगभर जाते. युरोपीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये निर्णय दिला की बेशुद्ध न करता कापलेल्या प्राण्याच्या मांसावर युरोपीय संघाचे सेंद्रिय उत्पादनाचे चिन्ह लावता येणार नाही. म्हणजे एका शिक्क्याचा कडक अर्थ लावला की दुसरा शिक्का हातचा जातो.

आपल्याकडे परिस्थिती निराळी. कोपऱ्यावरच्या दुकानात कोंबडी सहसा डोळ्यांदेखत, हातानेच कापली जाते. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे २८ वे कलम धर्माने आवश्यक ठरवलेल्या पद्धतीला मुभा देते. पण चर्चा पद्धतीची होतच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यात वगळून. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. या गदारोळात शिक्का हा मजकूर राहिला नाही, झेंडा झाला. झेंडा कोणी वाचत नाही. तो कोणाचा आहे एवढेच पाहिले जाते. झटक्याच्या प्रमाणपत्रालाही आमचा प्रश्न तोच : त्यात नेमके काय तपासले, कोणी, किती वेळा?

आणखी एक गोष्ट खटकते. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात 'हलाल' च्या जोडीने 'तय्यब' हा शब्द येतो : चांगले, शुद्ध, निर्मळ. प्राणी कसा वाढला, ट्रकमध्ये किती तास कोंबला गेला, मांस किती दिवसांचे, याबद्दल शिक्के बहुधा गप्प असतात. जोडशब्दातला एक शब्द छापायचा आणि दुसरा गाळायचा, ही संपादनाची कुठली रीत?

ग्राहकाने करायचे ते अवघड नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव वाचावे आणि तिचे मानक काढून पाहावे. प्राणी बेशुद्ध केला का, सुरी हाताची की यंत्राची, नाव प्रत्येकावर घेतले का, आणि तपासनीस कारखान्यात नेहमी असतो की वर्षातून एकदा येऊन सही करतो, हे विचारावे. दुकानदाराला ठाऊक नसेल तर तो तसे सांगेल, किंवा रागावेल. दोन्हीतून काही कळतेच. संस्थांकडून आमची मागणी माफक आहे. शिक्क्याखाली एक ओळ छापावी : हाताने कापलेले, बेशुद्ध न करता. किंवा : यंत्राने, विजेचा धक्का देऊन. तेलाच्या पिशवीवर बॅचचा क्रमांक मावतो, तिथे एवढी ओळ सहज मावेल.