तुडतुड्याची कात आणि आपली घाई

सकाळी भाताचे चूड बाजूला करून बुडाशी बघितलं. पाण्यावर भुशासारखं पांढरं तरंगत होतं. ती तपकिरी तुडतुड्याच्या पिल्लांची कात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं, तेव्हा कुठे पूर्ण तुडतुडा होतो. औषधाची वेळ हीच, आणि नेमकी हीच आपण घालवतो असं माझं मत आहे.

गेल्या वर्षी मीच घालवली. शेतात गोल जळके पट्टे पडल्यावर दुकानात पळालो. बुप्रोफेझिन मिळालं. तीन दिवसांनी मोठे तुडतुडे तसेच उड्या मारतायत बघून 'औषध बोगस' म्हटलं आणि दुसरं जहाल पायरेथ्रॉइड आणून मारलं. कोळी मेले, तुडतुडे उलट वाढले. दहा गुंठ्यांत पोचट दाणेच जास्त निघाले.

आता कळतंय. किड्याला आत हाड नसतं, कातडी हेच त्याचं हाड. आपल्या जुन्या घरांची कुडाची भिंत आठवा, आत कारवी आणि वर शेणमातीचं लिंपण. किड्याच्या कातडीत कारवीच्या जागी कायटिन, लिंपणाच्या जागी प्रथिनं. कात टाकली की नवी कातडी पांढरट, मऊ असते. मग प्रथिनं एकमेकांना घट्ट सांधतात, रंग चढतो, कडकपणा येतो. सगळी प्रथिनं सारखी नसतात बरं का. रेसिलिन तर रबरासारखं लवचिक, ते 1960 साली टोळाच्या अंगात सापडलं.

बुप्रोफेझिन कायटिन बनू देत नाही. कारवीच नाही तर लिंपण धरणार कशावर? पुढची कात टाकताना पिल्लू मरतं, त्याला चार-सहा दिवस जातात. पण ज्याची भिंत उभी राहिली त्या मोठ्या तुडतुड्याला ते काय करणार? औषध बोगस नव्हतं, मी उशिरा गेलो. दुकानदारानेही चकार शब्द काढला नाही, ते वेगळं.

मेटारायझियम बुरशी तर लिंपणच आधी विरघळवते आणि आत शिरते. तिला दमट हवा लागते, ती आपल्याकडे पावसाळ्यात फुकट आहे. फक्त बुरशीनाशक सोबत मारू नका.

कोणी म्हणेल, पोरं लोकलने कंपनीत जातात, वाकून बघणार कोण? खरंय. अंबरनाथला आता खाचरापेक्षा बिल्डिंगीच जास्त. पण दोन फवारण्यांचा खर्च वाकण्यापेक्षा जड जातो. आणि फवारा बुडाशी मारा, शेंड्यावर नको.

उद्या खालची खाचरं बघणार आहे. तुमच्याकडे कात दिसली तर फोटो टाका, तारखेसकट.