लांबचा पक्षी लांबच राहू द्या

दर्यापूरच्या शिवारात नव्यानं कॅमेरा हाती घेतलेल्याची तक्रार ठरलेली असते: पक्षी लांब बसतो, फोटोत नुसता ठिपका येतो. मग तो धुऱ्याधुऱ्यानं पुढे सरकतो. कापशी घार तारेवरून उठते आणि चार खांब पलीकडे जाऊन बसते. माझं म्हणणं असं, की शिकाऊ माणसानं हे अंतर तोडण्याचा नाद सोडावा. आपल्या भागात लांबून काढलेला फोटो हाच खरा फोटो आहे. हा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारं, ओलित थोडं, त्यामुळे पूर्णेच्या खोऱ्यात कपाशी, तूर, हरभऱ्याची सपाट वावरं दूरवर पसरलेली आणि आडोशाला एखादी बाभूळ. अशा उघड्या रानात पक्षी आपल्याला दुरून दिसतो खरा, पण त्याला आपण त्याच्याही आधी दिसतो. उभ्या गाडीला तो सहसा तितका बुजत नाही. सरळ चालत येणाऱ्या माणसाला बुजतो. इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी 1900च्या सुमारास बैलाचं पोकळ सोंग उभारून त्याच्या पोटातून पक्ष्यांचे फोटो काढले, ते काही हौस म्हणून नव्हे.

आता कुणी म्हणेल, इतक्या लांबून दिसणार काय? हिशेब करून पाहू. 300 मिलिमीटरची लेन्स आणि 100 मीटरवर बसलेली, साधारण 30 सेंटिमीटरची कापशी घेतली, तर सेन्सरवर तिची प्रतिमा जेमतेम 0.9 मिलिमीटरची पडते. नेहमीच्या 24 मेगापिक्सेलच्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात 24 मिलिमीटर रुंदीत सुमारे 6000 पिक्सेल असतात. म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला सव्वादोनशे आले. भिंतीवर टांगायला ते पुरत नाहीत. पण पांढरं पोट, राखाडी पाठ आणि खांद्यावरचा काळा डाग ओळखायला पुरेसे आहेत. शिवाय ती कोणत्या पिकावर नजर लावून बसली आहे, शेजारी पडीक आहे की नांगरट, हेही त्याच फोटोत येतं. चौकटभर चेहरा घेतला की हे सगळं कापलं जातं, आणि मग ती कापशी दर्यापूरची की आणखी कुठली, हे फोटो सांगू शकत नाही. लांबच्या फोटोचा खरा शत्रू वेगळाच आहे. ऊन चढलं की काळ्या मातीवरची हवा थरथरते आणि पिसांच्या कडा विरघळतात. त्यावर महागड्या लेन्सचाही इलाज नाही. सूर्य वर यायच्या आत वावरात पोचायचं.

जवळच्या फोटोशिवाय पुरावा होत नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. रानपिंगळा 1884 नंतर शंभरावर वर्षं खात्रीनं कुणाला दिसला नव्हता. 1997 साली शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला तेव्हा फोटो आणि चित्रफितीचा आधार मोलाचा ठरला. पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला. ठिपकेदार पिंगळ्याशी त्याचं इतकं साम्य, की माथ्यावरचे ठिपके तपासावे लागतात. तिथे बारकावा हवाच, आणि ते काम जाणत्या अभ्यासकांचं. तेवढ्या आधारावर टिटवीच्या अंड्यांवर लेन्स रोखून उभं राहणं समर्थनीय ठरत नाही. टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते, उन्हाळ्यात त्यांच्यावर सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते. माणूस जवळ थांबला की ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालते, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंही शिकारीच्या व्याख्येत धरलं आहे. बंदूक हाती असावी लागत नाही.

चांगल्या फोटोची आपली कसोटी बदलल्याशिवाय शिकाऊ माणूस पाऊल मागे घेणार नाही. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस; या दोन तारखांमध्ये राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्यातल्या प्रदर्शनांत एक भिंत अशा फोटोंसाठी राखावी, ज्यांत पक्षी नखाएवढा आणि वावर पुरतं दिसतं. खाली गाव, तारीख, उभं पीक लिहावं. घरट्याची जागा मात्र लिहू नये.