युद्ध, अफवा आणि आपला भ्रमणध्वनी

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम योजण्यात आली, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या यादीत नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही तिन्ही नावे होती. ओझरचा विमान कारखाना, देवळालीचे तोफखाना केंद्र आणि नाशिकरोडचे नोटांचे मुद्रणालय ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्या बाबतीत हे स्वाभाविकच होते. ‘ऑपरेशन सिंदूर’ला त्याच दिवशी प्रारंभ झाला. भोंगा वाजल्यावर काय करावे, हे १९७१ पाहिलेल्या पिढीला सांगावे लागत नाही. परंतु या वेळी शत्रूने दुसरीही एक वाट धरली होती.

महाराष्ट्र सायबर विभागाच्या अहवालानुसार पहलगामच्या हत्याकांडानंतर देशातील संगणक यंत्रणांवर सुमारे १५ लाख हल्ले झाले. त्यांपैकी यशस्वी ठरले अवघे १५०. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ विद्रूप करण्यात आले, हे त्यांतलेच एक. रात्रंदिवस पहारा देणाऱ्या तंत्रज्ञांचे याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे.

मात्र त्याच अहवालात अपप्रचाराच्या पाच हजारांहून अधिक घटनांचीही नोंद आहे, आणि तेथे तंत्रज्ञ हतबल असतात. सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीजयंत्रणा बंद पडली, ही थाप शत्रूच्या गोटातली. तिचे खंडन सरकारला करावे लागले. पण ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची ‘आनंदवार्ता’ कोणी पसरवली? काही वाहिन्यांनी, आणि त्यांच्यामागोमाग आपणच. हेतू देशभक्तीचा होता, हे मान्य. तरीही आपल्या बाजूची अफवा ही अफवाच असते. सैन्याने खरोखर गाजवलेल्या पराक्रमाविषयी जगाने शंका घ्यावी, अशी सोय आपल्याच उत्साहाने करून दिली. हे कटू आहे, पण आपल्याच माणसांना सांगायचे नाही तर कोणाला?

याहून गंभीर प्रकार नाशिकने पाहिला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या कारखान्यातील एका कर्मचाऱ्याला लढाऊ विमानांविषयीची गोपनीय माहिती पाकिस्तानी हेरसंस्थेला पुरवल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. मे २०२३ मध्ये पुण्यातील डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेचे संचालकच अशा आरोपाखाली पकडले गेले. न्यायालयात जे निष्पन्न व्हायचे ते होईल. परंतु अशा कामासाठी संगणकाची तटबंदी फोडावी लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची गोड ओळख पुरते.

तेव्हा पुढील तालमीत भोंग्याबरोबर भ्रमणध्वनीचाही पाठ व्हावा. अनोळखी फाइल उघडायची नाही, सैन्याच्या हालचालींचे चित्रण करायचे नाही, खातरजमा न झालेला संदेश पुढे धाडायचा नाही, आणि फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवायचे, इतके शाळांतून आणि गणेशोत्सव मंडळांतून सहज शिकवता येईल. ओझर आणि देवळालीच्या पालकांनी तर तालमीची वाट न पाहता, आपल्या मुलांच्या ‘रील’मध्ये पाठीमागे काय काय दिसते, हे याच आठवड्यात पाहून घ्यावे.