वैमानिकाची खुर्ची आणि अध्यक्षाची खुर्ची

मोठेपणी काय व्हायचे असे वसतिगृहातील मुलांना विचारले, की शिक्षक, पोलीस, तलाठी, फार तर कलेक्टर अशी उत्तरे येतात. विमानाचे नाव क्वचितच निघते. निघाले तरी विमान चालविणाऱ्याचे. विमान कंपनी चालविणारा कुणाच्या मनात येत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या मोक्याच्या व माऱ्याच्या जागांकडे समाजाची दृष्टी वळविली, त्यांत ही जागाही आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांच्या कारकिर्दीची येथे आठवण करीत आहोत.

लाल मराठी नव्हेत. त्यांचा जन्म १९१६ सालचा, लुधियान्याचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी हवाई दलाच्या सातव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले. १९५३ साली खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन स्थापन झाले; हवाई दलाचा हा अधिकारी तेथे काही वर्षे महाव्यवस्थापक होता. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारभार, १९६९ ते १९७३ हवाई दलाचे प्रमुखपद, त्यातच १९७१ चे युद्ध, आणि निवृत्तीनंतर पुन्हा इंडियन एअरलाइन्स, या वेळी अध्यक्ष म्हणून. ती खुर्ची केवळ पदकांच्या बळावर मिळालेली नव्हती. कारखाना व कंपनी यांचा हिशेब त्यांनी आधीच हाताळला होता.

त्यांचे सारेच आम्हांस मान्य आहे असे नव्हे. १९७३ च्या अखेरीस कामगार संघटनांशी संघर्ष होऊन कंपनीत टाळेबंदी झाली. सैन्यात हुकूम सुटतो व पाळला जातो. कंपनीत समोर संघटित कामगार असतो. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री राहिलेल्या बाबासाहेबांचे अनुयायी टाळेबंदीकडे केवळ व्यवस्थापनाच्या चष्म्यातून पाहू शकत नाहीत. मात्र आणीबाणीत लालांना हे पद सोडावे लागले, हेही नोंदविले पाहिजे. जनता राजवटीने १९७८ साली जे. आर. डी. टाटांना एअर इंडियातून दूर केले, तेव्हा त्यांच्या जागी लालच आले. टाटांसारख्या माणसाला असे हटविणे आम्हांस शोभनीय वाटत नाही. पण एवढा भार सोपवावा असा मनुष्य हवाई दलातून घडून आला होता, हे खरे.

हे सारे पालमपासून फार दूरचे वाटेल. पण २०२१ साली हवाई दलाचे प्रमुख झालेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी हे मूळचे शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे. मिग-२९ सारखी लढाऊ विमाने त्यांनी चालविली आहेत. खासगी संस्थेत वैमानिक होण्यास लाखो रुपये लागतात, शेतमजुराच्या घरी ते कोठून येणार? खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मात्र प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. बारावीला गणित व भौतिकशास्त्र हवे, दृष्टी चांगली हवी. त्या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरात आहे. प्रबोधिनीचे दार २०२२ पासून मुलींनाही उघडले आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की दहावीच्या वर्गातील प्रत्येक मुलामुलीपर्यंत ही माहिती यंदाच पोहोचावी, अर्ज भरताना कुणीतरी शेजारी बसावे, आणि डोळ्यांची तपासणी आधीच करून घ्यावी.