गंजलेला चक भंगारात देण्यापूर्वी

पंपाचा शाफ्ट झिजला किंवा मळणीयंत्राच्या कप्पीचे भोक सैल झाले, की बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी तो भाग पिशवीत घालून तालुक्याच्या गावी ‘लेथवर’ जातो. तेथे झिजलेला भाग वेल्डिंगने भरतात आणि लेथवर कातून पुन्हा मापाला आणतात. या जिल्ह्याला यंत्रे नवी नाहीत. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो या कापसासाठीच. सरकी काढणारे आणि गाठी बांधणारे कारखाने याच कापसावर चालले. जेथे यंत्र फिरते तेथे ते झिजते, आणि जेथे झिजते तेथे लेथ लागतोच.

लेथवर कातायची वस्तू घट्ट धरून फिरवणाऱ्या भागाला चक म्हणतात. शाळेच्या कार्यशाळेच्या कोपऱ्यात किंवा घरामागच्या शेडमध्ये असा एखादा जुना, गंजून जाम झालेला चक पडलेला आढळतो. एक तर तो किलोच्या भावाने भंगारात जातो, नाहीतर कोणी उत्साही माणूस त्यावर ग्राइंडर चालवून त्याला आरशासारखा लखलखीत करतो. माझ्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि दुसरा अधिक फसवा आहे. चकची किंमत त्याच्या मापात असते, चकाकीत नव्हे.

असे का म्हणतो, ते चकच्या पोटात शिरल्यावर कळेल. तीन जबड्यांच्या चकमध्ये एक लोखंडी चकती असते. दिवाळीची चकली डोळ्यांसमोर आणा. चकलीचे वेढे जसे सारख्या अंतराने बाहेर जातात, तशीच एक सर्पिल खाच या चकतीवर कोरलेली असते. आर्किमिडीजने जिचा अभ्यास केला तीच ही सर्पिल. जबड्यांचे दात या खाचेत बसतात. पान्ह्याने चकती फिरवली की तिन्ही जबडे एकाच वेळी, एकाच अंतराने मध्याकडे सरकतात आणि गोल वस्तू आपोआप मध्यावर पकडली जाते.

आता एक गणित करा. समजा, दोन वेढ्यांमधील अंतर ६ मिमी आहे. तीन जबडे एकमेकांपासून १२० अंशांवर, म्हणजे वर्तुळाच्या एकतृतीयांश अंतरावर आहेत. तेवढ्या अंतरात सर्पिल २ मिमी सरकते. म्हणून दुसऱ्या जबड्याचे दात पहिल्यापेक्षा २ मिमी आणि तिसऱ्याचे ४ मिमी सरकवून कापावे लागतात. तिन्ही जबडे वरवर सारखे दिसले तरी एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. यासाठीच जबड्यांवर आणि त्यांच्या खाचांवर १, २, ३ असे अंक कोरलेले असतात. गंजाखाली हे अंक झाकून जातात, पण ग्राइंडर ते कायमचे पुसून टाकतो! चांगल्या चकमध्येही धरलेली वस्तू मध्यापासून ०.०५ ते ०.१० मिमी इतकी चुकते. आपल्या केसाची जाडी साधारण एवढीच. जेथे केसाएवढ्या अंतराचा हिशेब आहे, तेथे घासण्याचा उत्साह कितपत परवडेल?

मग गंज काढायचा कसा? आधी शत्रू ओळखला पाहिजे. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज तयार होतो. त्यासाठी पाऊसच पडायला हवा असे नाही. पहाटे थंड लोखंडावर साचलेले दव आणि ओल धरून ठेवणारी धूळ एवढेही पुरते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. म्हणूनच दोन भागांच्या फटीत गंज धरला की चक जाम होतो. अशा वेळी हातोडा मारू नका. फटींत पातळ तेल सोडा, एक-दोन दिवस वाट पाहा आणि मग पान्हा थोडा पुढे, थोडा मागे करा.

चक लेथवरून उतरवताना खाली लाकडाची फळी ठेवा. आठ इंची चक पंधरा-वीस किलोंचा असतो. तो निसटला तर लेथच्या पाट्या आणि तुमची बोटे, दोन्ही जायबंदी होतील. हे काम शिक्षकांच्या किंवा कारागिराच्या देखरेखीखालीच करावे.

बिडाचे धड आणि मागचे झाकण यांचा गंज विजेने निघतो. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन दर लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक लोखंडाच्या टाकाऊ पत्र्याला जोडा. भाग व पत्रा यांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सुटतो, त्याचा काही अंश काळा पडतो आणि खालचे चांगले लोखंड शाबूत राहते. आम्ल मात्र गंजाबरोबर लोखंडही खाते, म्हणजे मापच खाते. हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे, म्हणून हे काम उघड्यावर करा. घरातील विजेची तार थेट पाण्यात कधीही सोडू नका. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नको, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. पाण्यात मीठही नको, नाहीतर क्लोरीन वायू निघेल.

कडक पोलादाच्या जबड्यांना मात्र ही आंघोळ घालू नये. हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो. जबडे डिझेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने हातानेच साफ करावेत.

सोड्याचे नाव निघाले की या जिल्ह्यात लोणारची आठवण व्हायलाच हवी. लोणार सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. काच आणि साबण यांना लागणारा माल या भागात मिळतो, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. मग लोणारचेच पाणी टबात का घेऊ नये? पहिले कारण, त्यात सोड्याबरोबर मीठही आहे. दुसरे, हे सरोवर संरक्षित आहे आणि २०२० साली त्याचा समावेश रामसर स्थळांत झाला. सोडा किराणा दुकानातून आणा. लोणारला जाल तेव्हा सामू मोजण्याची पट्टी घेऊन निरीक्षण करणाऱ्याला विचारायला विसरू नका.

कोणी म्हणेल, बाजारात नवा चक मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? रोजच्या कामावर पोट असलेल्या कारागिराचे हे म्हणणे मला मान्य आहे. त्याचा दिवस मोलाचा असतो. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. धडाला तडा गेला असेल किंवा जबड्यांचे दात तुटले असतील, तर तो चक भंगारातच गेला पाहिजे. मिनिटाला शेकडो फेरे घेताना त्यातून निसटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. तेथे जुन्या वस्तूची माया कामाची नाही.

पण शाळेचा हिशेब निराळा आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, आपण गंजाचे समीकरण फळ्यावर लिहितो, विद्युत अपघटनाची आकृती वहीत काढून घेतो आणि वर्तुळाचे तीन समान भाग कंपासने पाडतो. हे तीनही धडे एका जाम झालेल्या चकमध्ये एकत्र असतात, आणि तो किलोच्या भावाने विकला की तिन्ही विकले जातात. नवा चक मुलांना फक्त वापरायला शिकवील; तो का चालतो हे मात्र उघडलेला जुना चकच सांगेल.

तेव्हा शाळेची भंगाराची यादी तयार होईल, त्या दिवशी तीत चक असल्यास त्याच्या नावापुढे फुली मारा. आधी तडे तपासा, मग अंक शोधा. साफ झालेला भाग त्याच दिवशी धुऊन, पूर्ण कोरडा करून पातळ तेलाचा हात द्या. उघडे लोखंड काही तासांतच पुन्हा तांबूस होते. जबडे १, २, ३ याच क्रमाने बसवा आणि एक सरळ गोल दांडा पकडून तो किती चुकतो ते डायल गेजने मोजा. जो आकडा येईल तो वहीत लिहा. तो केसाच्या जाडीजवळ आला, तर चक कामाचा आहे. नाही आला, तर का नाही आला हे शोधणे हा पुढचा धडा आहे.